गोळी, नळी आणि मधली फट

कऱ्हेकाठच्या बारामतीत व्याख्यानाचा विषय निघाला की मोरोपंतांचे स्मरण आधी व्हावे, हे स्वाभाविकच आहे. आज मात्र आम्ही श्रोत्यांना आर्येकडून चुलीकडे नेणार आहोत. आणि चुलीवर अन्न नव्हे, तर शिसे ठेवलेले आहे. घरी ओतलेल्या बंदुकीच्या गोळीचा इतिहास तो काय असणार, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या लोकांच्या हातून शस्त्र कसे गेले, या प्रश्नाचे उत्तर त्या गोळीपाशीच सापडते, असे आम्हांस वाटते.

इंदापूर आणि सुपे हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीतले. त्या काळची बंदूक म्हणजे ठासणीची, तोड्याने पेटणारी. दख्खनच्या काळ्या पाषाणात शिसे नाही. ते बंदरांवरून, व्यापाऱ्यांच्या हातून येई. परंतु एकदा घरात आले की पुढे कारखान्याची गरज नसे. शिसे सुमारे ३२७ अंशांवर वितळते. लोखंडी पळी, चुलीचा जाळ आणि एक साचा एवढ्यावर गोळी तयार होई. पुरंदरच्या रखवालीचे रामोशी असोत की रानडुकरांपासून पीक राखणारा शेतकरी असो, ज्याच्यापाशी बंदूक आणि साचा, त्याला गोळीसाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नसे.

या गोळीत एक उणीव मात्र होती. दारूच्या काजळीने नळी आतून भरत जाई. म्हणून गोळी नळीच्या मापाहून थोडी लहानच ठेवावी लागे. साहजिकच दोहोंमध्ये फट राही, दारूचा वायू त्या फटीतून पुढे निसटे, आणि गोळीचा जोर व नेम दोन्ही कमी होत. यावर घरगुती उपाय म्हणजे चिंधी. ती गोळीभोवती गुंडाळून गजाने ठासायची, की काम भागले.

युरोपात याच फटीवर शास्त्रीय उपाय चालले होते. १८४९ मध्ये फ्रान्समध्ये मिनिए याची टोकदार गोळी पुढे आली. तिचे बूड पोकळ असून त्यात लोखंडाची लहानशी वाटी बसवलेली असे. बार होताच वाटी आत दाबली जाई, शिसे फुगे आणि फट बुजे. हेच तत्त्व इंग्रजांच्या १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीत आले. तिचे कागदी काडतूस दाताने तोडावयाचे, आणि गोळी सुलभ सरकावी म्हणून त्याला वंगण लावलेले. ते वंगण गाईडुकरांच्या चरबीचे आहे अशी वार्ता पसरली आणि १८५७ साली काय झाले, ते सर्वश्रुत आहे. बंडाची कारणे अनेक होती. परंतु ठिणगी या काडतुसाने टाकली. घरच्या चिंधीबद्दल कोणाला शंका नव्हती. परक्याने लावलेल्या वंगणाबद्दल मात्र सर्वांना होती.

पुढे ज्या खडकीला १८१७ मध्ये पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाला, तेथेच १८६९ मध्ये सरकारी दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. पितळी काडतुसांचे युग आले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि ते लोण इंदापुरापर्यंत गेले. तेथे माणसांवर फारसा हात उचलला गेला नाही. रोष होता तो कागदांवर. तरीही सरकार सावध झाले होते. १८७८ मध्ये लिटनसाहेबांच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके रामोशांना घेऊन उठले, तेव्हा शस्त्र आणि पैसा मिळवणे हीच त्यांची मोठी अडचण ठरली.

यावर पुष्कळांचे म्हणणे असे की, कायद्याला कशाला दोष द्यायचा? यंत्रापुढे घरची पळी टिकणार कशी? हे म्हणणे पारखून पाहण्यासाठी जरा अमेरिकेकडे पाहू. १८८० नंतर बिनधुराची दारू आली. तिचा दाब आणि वेग इतका, की तप्त वायू शिशाच्या गोळीचे बूड कुरतडी आणि शिसे नळीच्या आट्यांत चिकटून बसे. कारखान्यांनी गोळीवर तांब्या-निकेलचे कवच चढवले. ते घरी कोण चढवणार? परंतु तेथील गृहस्थाने साचा टाकून दिला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ‘गॅस-चेक’ निघाला. तांब्याची ही चिमुकली वाटी घरी ओतलेल्या गोळीच्या बुडाला घट्ट बसवायची. ती वायूला अडवते आणि मऊ शिसे वाचते. मिनिएची वाटी गोळी फुगवण्यासाठी होती, ही तिचे रक्षण करण्यासाठी. वैरी मात्र एकच, निसटता वायू. त्या वाटीच्या बळावर घरची गोळी नव्या बंदुकीतही चालली.

म्हणजे यंत्र तेच, दारू तीच; परंतु एकीकडे घरची विद्या नव्या युगात आली आणि दुसरीकडे विझली. फरक कायद्याचा होता. १८७८ चा कायदा सर्वांना सारखाही नव्हता. युरोपियनांना त्यातून सूट होती. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव केला, तो या अपमानामुळेच.

आज आपण पुन्हा चुलीवर शिसे ठेवावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. शिशाची वाफ विषारी असते, आणि परवान्यावाचून काडतुसे बनवण्यास १९५९ च्या कायद्यानेही बंदी आहे. पण तो कायदा आपल्या प्रतिनिधींनी केला, आणि तो कातडीचा रंग पाहत नाही. बंधन दोन्हींत आहे; परंतु एक आपण स्वतःस घालून घेतलेले आहे आणि दुसरे अविश्वासाने आपल्यावर लादलेले होते. जुन्या वाड्याच्या माळ्यावर गोळ्यांचा एखादा गंजका साचा सापडला, तर तो भंगारात घालण्यापूर्वी एवढा भेद आठवावा, इतकीच आमची विनंती आहे.