फलंदाजाच्या हेल्मेटची कुळकथा

फलंदाजाच्या हेल्मेटला बाहेर कठीण कवच, आत फोमचा थर आणि तोंडापुढे धातूची जाळी असते. हे भाग एकदम सुचलेले नाहीत. चेंडू डोक्याच्या ज्या भागावर लागला, तिथले आच्छादन बहुधा त्यानंतरच आले.

बेसबॉलमध्येही असेच घडले. 1920 मध्ये न्यूयॉर्कला क्लीव्हलँडचा रे चॅपमन डोक्यावर चेंडू बसून दुसऱ्या दिवशी मरण पावला. तरी अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये हेल्मेट सक्तीचे व्हायला 1971 उजाडले. दोन्ही कान झाकणारे हेल्मेट मात्र मुलांच्या लिटल लीगमध्ये, क्रेटन हेल यांच्या प्रयत्नांतून घडले. इथे मुलांचा विचार मोठ्यांच्या आधी झाला. असे क्वचितच घडते.

भारतीय क्रिकेटमध्ये या कथेची सुरुवात मार्च 1962 मध्ये होते. ब्रिजटाउनला बार्बाडोसविरुद्ध खेळताना चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीवर आदळला. मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली. वेस्ट इंडिजचे फ्रँक वॉरेल, सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर, पुण्याचे चंदू बोर्डे आणि नाशिकचे बापू नाडकर्णी यांनी रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण वयाच्या 28 व्या वर्षी त्यांची कसोटी कारकीर्द संपली.

एवढ्यानेही पद्धत बदलली नाही. 1976 मध्ये किंग्स्टनच्या सबिना पार्कवर अंशुमन गायकवाड 81 धावांपर्यंत अंगावर चेंडू झेलत उभे राहिले आणि वेस्ट इंडिजच्या मायकेल होल्डिंगचा चेंडू कानावर बसल्यावर रुग्णालयात गेले. त्यांच्या डोक्यावर कसलेच संरक्षण नव्हते. त्या काळी हेल्मेट न घालणे हे धैर्याचे लक्षण मानले जाई. या समजुतीची किंमत खेळाडूंनी शरीराने मोजली.

बदल आला तो ऑस्ट्रेलियन उद्योजक केरी पॅकर यांच्या वर्ल्ड सिरीज क्रिकेट या स्पर्धेतून. 1977 च्या सुमारास इंग्लंडचे डेनिस एमिस मोटारसायकलस्वाराच्या हेल्मेटसारखे हेल्मेट घालून तिथे उतरले. मार्च 1978 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यॅलप यांनी त्याच ब्रिजटाउनमध्ये कसोटीत पहिल्यांदा हेल्मेट वापरले. सुनील गावसकर पूर्ण हेल्मेटकडे वळलेच नाहीत. कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्यांनी कपाळ आणि कानशिले झाकणारी कठीण टोपी पत्करली.

1998 मध्ये ढाक्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभ्या असलेल्या भारताच्या रमण लांबा यांचा चेंडू लागून मृत्यू झाला. फलंदाजाइतकाच धोका त्याच्या जवळच्या क्षेत्ररक्षकालाही असतो, हे त्यातून दिसले. 2014 मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाच्या फिलिप ह्यूजच्या मानेवर, कानाखाली चेंडू बसला आणि त्याचा मृत्यू झाला. त्याने हेल्मेट घातले होते. पण तो भाग उघडा होता. त्यानंतर मानेचे गार्ड आले.

मुलांच्या बाबतीत कळीचा प्रश्न हेल्मेटचा छज्जा आणि जाळी यांमधल्या फटीचा आहे. मोठ्यांच्या चेंडूचा परीघ सुमारे 22.5 सेंटिमीटर आणि वजन 156 ते 163 ग्रॅम असते. मुलांचा चेंडू साधारण 140 ग्रॅमचा आणि आकाराने लहान असतो. मोठा चेंडू अडवणाऱ्या फटीतून लहान चेंडू आत शिरू शकतो. म्हणून 2013 च्या ब्रिटिश मानकात, म्हणजे बीएस 7928 मध्ये, मोठ्यांच्या आणि मुलांच्या चेंडूंसाठी जाळीची चाचणी वेगवेगळी आहे. हेल्मेट कोणत्या चेंडूसाठी तपासले आहे, याचा उल्लेख त्याच्या लेबलवर असतो. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने 2000 पासूनच, सीझन बॉलने, म्हणजे कठीण चामडी चेंडूने, खेळणाऱ्या 18 वर्षांखालील मुलांनी जाळीचे हेल्मेट घालावे अशी सूचना केली आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात मुलांच्या हेल्मेटचा हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. भारताचे फलंदाज अजिंक्य रहाणे यांचे जन्मगाव आश्वी खुर्द इथल्या संगमनेर तालुक्यात आहे. त्यांची क्रिकेटची वाट शेजारच्या अकोले तालुक्यातल्या राजूरच्या मुलांनाही खुणावते. पण अशा गावांत क्रिकेट बहुधा टेनिस बॉलवर शिकले जाते. चुकलेला पुलचा फटका किंवा उशिरा वाकवलेले डोके तिथे खपून जाते. सीझन बॉल हाती आला की तीच सवय धोक्याची ठरते आणि संघाच्या सामाईक किटमधले हेल्मेट मोठ्या माणसाच्या मापाचे असते. सैल हेल्मेट चेंडू लागताच सरकते, कधी डोळ्यांवर येते. हनुवटीचा पट्टा आवळून माप बदलत नाही.

जोराचा फटका बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. आतला फोम दबून धक्का शोषतो. दबलेला फोम पूर्ववत होईलच असे नाही आणि कवचाचा बारीक तडा बाहेरून दिसेलच असेही नाही.