‘नको’ म्हणायची ड्युटी आपलीच का? त्रासदायक फोनचा इतिहास आणि आपला वाशिम जिल्हा

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आपल्या जिल्ह्यात सध्या दोन प्रकारची माणसं आहेत. एक, अनोळखी नंबर दिसला की फोन उचलतच नाहीत. दुसरी, प्रत्येक फोन उचलतात आणि कधीतरी फसतात. दोघांचंही नुकसानच होतं. पहिल्यांचं कोणी मोजत नाही, म्हणून आधी त्यांच्याबद्दल बोलतो.

गेल्या काही हंगामांत सोयाबीनचं नुकसान झालं की ७२ तासांत विमा कंपनीला कळवायचं, असा नियम होता. कळवल्यावर पाहणीला येणारा माणूस फोन करायचा तो स्वतःच्या दहा आकडी नंबरवरून. इकडं घरात काय चालायचं? “उचलू नोको बाप्पा, लोनवाले असतीन.” बँकेचा खरा फोन, दवाखान्यातून आलेला, तहसीलमधून आलेला, पोराच्या कॉलेजातून आलेला फोन, सगळ्यांची हीच गत. माझ्या धंद्यात तर अनोळखी नंबर टाळून चालतच नाही. बातमी बहुतेक वेळा अनोळखी नंबरवरूनच येते. त्यामुळे दिवसाला क्रेडिट कार्ड, प्लॉट आणि पर्सनल लोनवाल्यांना ‘नको’ म्हणणं हा माझ्या ड्युटीचाच भाग झालाय.

ही ‘नको’ म्हणायची ड्युटी आपल्या गळ्यात कशी पडली, याचा थोडा इतिहास बघू.

मुंबईत टेलिफोन एक्सचेंज सुरू झालं १८८२ मध्ये. भारतीय तार कायदा आला १८८५ मध्ये. त्या काळात फोन मोजक्या लोकांकडं आणि प्रत्येक फोन जोडून द्यायला मधे ऑपरेटर. म्हणजे फोन करणारा कोण, कुठला, हे एका तिसऱ्या माणसाला माहीत असायचं. त्रास द्यायचा म्हटलं तरी साक्षीदार हजर!

गंमत म्हणजे पहिला त्रास या साक्षीदारालाच झाला. इंग्लंडमध्ये एक्सचेंजवर मुली काम करायच्या, आणि फोनवरून त्यांना घाणेरडं बोलणारे महाभाग होते. १९३५ मध्ये तिथल्या पोस्ट ऑफिस कायद्यात दुरुस्ती झाली आणि फोनवरून अश्लील, धमकीचं बोलणं किंवा कारण नसताना पुन्हा पुन्हा फोन करून त्रास देणं हा गुन्हा ठरला. हा कायदा लक्षात ठेवा, पुढं तो थेट आपल्या पालघरला येणार आहे.

आपल्याकडं १९५१ च्या भारतीय तार नियमांत हीच गोष्ट आली. कोणाला त्रास द्यायला, चिडवायला किंवा अश्लील बोलायला टेलिफोन वापरायचा नाही. नियम तेव्हा पुरेसा होता, कारण त्रास देणारा एक माणूस असायचा आणि फोन महाग होता. ट्रंक कॉल बुक करायचा, त्यात ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे प्रकार, आणि तासन्‌तास वाट बघायची. एवढे पैसे आणि एवढा वेळ घालवून कोण कोणाला प्लॉट विकायला फोन करणार?

१९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिनं बनवलेली छोटी ग्रामीण एक्सचेंजं खेड्यापाड्यांत गेली, आणि नव्वदच्या दशकात पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ बूथ आले. चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल, रात्री दर उतरले की बूथवर कशी रांग लागायची. वाशिमचा ०७२५२ हा कोड पाठ होता लोकांना. ही मोठी क्रांती होती, पण एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. मधला ऑपरेटर गेला, म्हणजे साक्षीदारही गेला.

मग आले ब्लँक कॉल. फोन वाजायचा, उचलला की पलीकडं शांतता, नाहीतर नुसता श्वास. घरात तरुण मुलगी असेल तर जास्तच. बूथवर एक रुपयाचं नाणं टाकलं की कोणीही बिनचेहऱ्याचा होत होता. पोलिसांत जायचं तर भारतीय दंड संहितेचं कलम ५०७ (निनावी धमकी) आणि ५०९ (स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान) होतं. पण नंबरच माहीत नाही, तर तक्रार कोणावर करणार? बहुतेक घरांनी यावर काढलेला तोडगा एकच होता. मुलीनं फोन उचलायचा नाही. त्रास देणारा मोकळा आणि बंधन जिला त्रास झाला तिच्यावर. पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज इथंच आहे.

३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. आपल्याकडं मोबाईल यायला बराच वेळ लागला. सुरुवातीच्या काळात येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि आपण सगळे खूश झालो.

पण फोन करणं जसजसं स्वस्त होत गेलं, तसतसे विकणारेही वाढले. दुकानदाराला हँडबिल छापून वाटण्यापेक्षा पोरं बसवून फोन करवणं परवडायला लागलं. नंबरांच्या याद्या विकल्या जाऊ लागल्या. त्रास देणारा आता एक विकृत माणूस राहिला नाही, तो एक उद्योग झाला. १९५१ चा नियम एका माणसासाठी होता, उद्योगापुढं तो उघडा पडला.

२००५ मध्ये हर्ष पाठक या वकिलांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयानं नोटिसा काढल्या आणि यंत्रणा हलली. ‘ट्राय’ म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण १९९७ पासून होतंच. त्यांनी जून २००७ मध्ये नियम केले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये ‘नॅशनल डू नॉट कॉल रजिस्ट्री’ सुरू झाली. अमेरिकेत अशी नोंदवही २००३ मध्ये आली होती, कल्पना तिकडचीच.

आता या कल्पनेतली मेख बघा. ज्याला फोन नको आहेत, त्यानं नाव नोंदवायचं. नोंदवलं नाही तर तुमची हरकत नाही असं धरणार! म्हणजे बाजारच्या दिवशी कोणीही तुमच्या घरात शिरावं आणि तुम्ही दारावर ‘येऊ नये’ अशी पाटी लावली नव्हती म्हणून चूक तुमची. जर्मनीत याच्या उलट आहे. ग्राहकानं आधी परवानगी दिली असेल तरच विक्रीचा फोन करता येतो. आपण सोपा रस्ता निवडला. कंपन्यांना सोपा, आपल्याला नाही.

पहिली नोंदवही फारशी चालली नाही. १ डिसेंबर २०१० ला नवे नियम आले आणि २७ सप्टेंबर २०११ पासून लागू झाले. १९०९ हा नंबर, टेलिमार्केटिंगसाठी १४० ने सुरू होणारे वेगळे नंबर, बँक-विमा, जमीन-घर, शिक्षण, आरोग्य अशा सात प्रकारांतून निवड, रात्री ९ ते सकाळी ९ जाहिरातीचे फोन बंद, आणि दंड २५ हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. कागदावर उत्तम. पण दंड नोंदणी केलेल्या टेलिमार्केटरला. ज्यानं नोंदणीच केली नाही आणि साध्या सिमवरून फोन लावला, त्याचं सिम बंद व्हायचं. तो दुसरं घ्यायचा.

त्याच वेळी सामान्य माणसाच्या एसएमएसवरही मर्यादा आली. एका सिमवरून दिवसाला १००, मग लगेच २००. जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं खासगी संदेशांवरची ही मर्यादा रद्द केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आणि आता पालघर. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६अ आलं होतं. ‘त्रास’, ‘गैरसोय’ होईल असा संदेश पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं लाईक केलं, आणि दोघींना अटक झाली. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं हे कलम रद्द केलं. त्या निकालात कलमाचं मूळ सांगितलंय, १९३५ चा तोच इंग्रजी पोस्ट ऑफिस कायदा! टेलिफोनवरच्या मुलींना वाचवायला लिहिलेले शब्द ऐंशी वर्षांनी दोन मुलींनाच पकडायला वापरले गेले. मी हे मुद्दाम सांगतोय. ‘त्रास देणाऱ्यांना आत टाका’ म्हणणं सोपं आहे. पण ‘त्रास’ हा शब्द मोकळा सोडला तर विक्रेता सुटतो आणि बोलणारा अडकतो. कायदा नेमका हवा. कोणी, कोणाला, कोणत्या परवानगीनं फोन केला, एवढंच विचारणारा.

२०१८ च्या नियमांनी तसा प्रयत्न केला. कंपनीनं आपलं नाव आणि मेसेजचा मजकूर आधी नोंदवायचा, ब्लॉकचेनवर त्याची तपासणी होणार, न जुळणारा मेसेज अडणार. ८ मार्च २०२१ ला ही तपासणी सुरू केली आणि देशभर बँकांचे ओटीपी अडकले. ट्रायला सात दिवसांची स्थगिती द्यावी लागली. पुढं मेसेजला शिस्त आली, पण फोनला नाही. साध्या दहा आकडी नंबरवरून फोन चालूच.

१३ ऑगस्ट २०२४ ला ट्रायनं आदेश काढला. नोंदणी नसलेले टेलिमार्केटर सापडले तर त्यांच्या सगळ्या लाइनी बंद आणि दोन वर्षं काळ्या यादीत. सप्टेंबरच्या सुरुवातीला पावणेतीन लाख नंबर बंद केल्याचं जाहीर झालं. मग १२ फेब्रुवारी २०२५ ला नियमांत दुरुस्ती झाली. ती प्रत्येकानं वाचावी अशी आहे:

– तुम्ही डीएनडी नोंदवलं नसलं तरी तक्रार करता येते.
– तक्रारीला पूर्वी ३ दिवस मिळायचे, आता ७ मिळतात.
– नोंदणी नसलेल्यांवर कारवाईची मुदत ३० दिवसांवरून ५ दिवसांवर आली.
– पूर्वी ७ दिवसांत १० तक्रारी आल्या तर कारवाई, आता १० दिवसांत ५ पुरे.
– तक्रारींचा आकडा लपवणाऱ्या मोबाईल कंपनीला २ लाख, ५ लाख आणि मग १० लाख दंड.
– जाहिरातीला १४०, बँक वगैरेंच्या कामाच्या फोनला १६००. दहा आकडी नंबर विक्रीसाठी चालणार नाही.

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी जो ऑपरेटर सांगायचा ‘अमक्याचा फोन आहे’, त्याची जागा आता या आकड्यांनी घ्यायची आहे. साक्षीदार परत आणायचा प्रयत्न आहे हा.

फसवणुकीचा भाग वेगळा आहे. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार कोणत्याही कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, कोर्ट कोणीच व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. तसा फोन आला तर ‘संचार साथी’वर ‘चक्षू’मध्ये कळवा. पैसे गेले असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० लावा. जितका उशीर, तितके पैसे हातातून जातात. हे जागृतीचं काम सरकारनं अमिताभ बच्चन यांच्या आवाजात कॉलर ट्यून लावून केलं. तेव्हा ॲम्ब्युलन्सला फोन लावतानाही आधी ती सूचना ऐकावी लागते, म्हणून लोक वैतागले होते. त्रासदायक फोनवरचा उपायच त्रासदायक!

आता मुद्द्यावर येतो. पीसीओच्या काळात मुलीला सांगितलं, तू फोन उचलू नको. २००७ मध्ये सांगितलं, तू नाव नोंदव. आज सांगतात, तू तक्रार कर. काम दरवेळी ज्याला त्रास झाला त्याच्याच माथी. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात कलम २८ आहे. त्यात अशा संदेशांसाठी ग्राहकाची आधी संमती घेण्याची व्यवस्था सरकार करू शकतं, असं म्हटलंय. खरी लढाई त्या ‘आधी संमती’ची आहे. आपण गप्प असलो तर त्याचा अर्थ ‘नको’ असाच धरला गेला पाहिजे. हा प्रश्न आपल्या खासदारांना विचारायला काहीच हरकत नाही.

तोवर हातात काय आहे? पाच तक्रारी. एवढा छोटा आकडा याआधी कधीच नव्हता. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहा तालुक्यांत एकाच नंबरवरून त्रास झालेले पाच जण सापडणार नाहीत का? गावातल्या एका ग्रुपवर सहज सापडतील. नुसतं ब्लॉक केलं तर तो फोन फक्त तुमच्यापुरता थांबतो, शेजाऱ्याला चालूच राहतो. १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर नंबर, तारीख आणि फोन कशाबद्दल होता ते टाका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवरचीही तक्रार त्यांच्या बाजूला बसून तुम्हीच करून द्या.

एका वकिलानं २००५ मध्ये कागद केला, तेव्हा कुठं नियम जन्माला आले. पंचनाम्याचा, दवाखान्याचा, पोराच्या नोकरीचा फोन बिनधास्त उचलता यावा, एवढंच आपलं मागणं आहे. त्यासाठी या आठवड्यात एक तक्रार तर होऊनच जाऊ द्या.