रंगाऱ्याची विद्या आणि सूर्याची वीज

इतिहास लिहितांना आपण राजांच्या स्वाऱ्या, तहनामे व ग्रंथकारांचीं चरित्रें यांस जागा देतों. परंतु ज्या हातांनीं समाजाचीं वस्त्रें रंगविलीं त्या हातांच्या विद्येस तेथें क्वचितच स्थान मिळतें. आपल्या रंगारी, निळारी व भावसार मंडळींच्या कलेचें असेंच झालें. ती कला लयास गेली, आतां तिच्याविषयीं शोक करण्यापलीकडे कांहीं उरलें नाहीं, असा सार्वत्रिक समज आहे. मला तो अपुरा वाटतो. त्या विद्येंतील मूळ प्रश्न सूर्यप्रकाशापासून वीज काढूं पाहणाऱ्या प्रयोगशाळांत पुन्हां उभा राहिला आहे, आणि त्याचें पुरें उत्तर अद्याप सांपडावयाचें आहे.

नवी मुंबईंत ठाणें-बेलापूर रस्त्यानें जाणाऱ्यास या इतिहासाचे दोन अध्याय एकाच फेरींत दिसतात. एका अंगास १९६० नंतर उभा राहिलेला औद्योगिक पट्टा आहे. रंग व रसायनें हा तेथील एक प्रमुख धंदा होऊन बसला. दुसऱ्या अंगास तुर्भ्याचा फळबाजार आहे. ज्येष्ठांत तेथें जांभळांच्या पाट्या उतरतात आणि हमालांच्या सदऱ्यांवर असे डाग पडतात कीं, धुणाऱ्याचे हात दुखावे. जांभूळ, डाळिंब, कोंकणांतील रातांबा या सर्वांचा लाल-जांभळा रंग ज्या द्रव्यवर्गामुळें येतो त्यास अँथोसायनिन म्हणतात. त्या डागाचें विजेशीं नातें काय, हें समजण्यासाठीं एकोणिसाव्या शतकांत गेलें पाहिजे.

१८५६ सालीं लंडन येथें विल्यम पर्किन या १८ वर्षांच्या विद्यार्थ्यानें दगडी कोळशाच्या डांबरांतील द्रव्यांपासून जांभळा रंग तयार केला. १८६८ सालीं ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनीं युरोपांतील मंजिष्ठ-जातीच्या मुळांचा लाल रंग, अलिझरीन, प्रयोगशाळेंत घडविला. १८९७ सालीं जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारांत आली; थोड्याच वर्षांत हिंदुस्थानांतील निळीचा व्यापार खालावला आणि आमच्या निळाऱ्याचा रांजण कोरडा पडला.

परंतु ज्या शतकानें वनस्पतिरंगांस हद्दपार केलें, त्याच शतकानें रंगाची एक निराळी शक्ति उघड केली. छायाचित्राच्या कांचा त्या काळीं निळ्या प्रकाशास जागत, हिरव्या-पिवळ्यास आंधळ्या असत. १८७३ सालीं बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांस आढळलें कीं, कांचेवरील रुप्याच्या क्षारांत योग्य रंग मिसळला तर तो रंग जो प्रकाश शोषतो त्यासही कांच जागूं लागते. द्रवांत बुडविलेल्या पत्र्यांवर प्रकाश पाडल्यानें वीज उत्पन्न होते, हें फ्रान्समध्यें एडमंड बेकरेल यांनीं १८३९ मध्येंच दाखविलें होतें. १८८७ सालीं व्हिएन्ना येथें जेम्स मोझर यांनीं या दोन शोधांची गांठ घातली: रुप्याच्या क्षाराचा थर दिलेले पत्रे त्यांनीं एरिथ्रोसीन रंगानें रंगविले, आणि प्रकाशाचा विद्युत्-परिणाम वाढला. म्हणजे रंग केवळ डोळ्यांस सुख देणारा नव्हे. प्रकाश घेऊन दुसऱ्याच्या हवालीं करणारा तो एक अडत्या आहे.

या शोधाचें पीक मात्र उशिरां हातीं आलें. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें सिलिकॉनचा सौरघट दाखविला आणि जगाचें लक्ष तिकडे गेलें. पुढें १९९१ सालीं स्वित्झर्लंडमध्यें लोझान येथें मायकेल ग्रेट्झेल व ब्रायन ओ'रेगन यांनीं रंगाचा घट नव्या रीतीनें सिद्ध केला. भिंतीच्या पांढऱ्या रंगांत जी टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी घालतात तिच्या अतिसूक्ष्म कणांचा सच्छिद्र थर त्यांनीं कांचेवर दिला व त्यास रंग चढविला. थराची जाडी एका मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढी. परंतु कणांच्या पृष्ठभागांची बेरीज थराच्या क्षेत्रफळाच्या शेंकडों पट होती. प्रकाश पडतांच रंगाचा रेणु एक इलेक्ट्रॉन भुकटीस देतो. तो बाहेरच्या तारेंतून काम करून परततो आणि आयोडीनयुक्त द्रावाच्या मार्फत रंगाची तूट भरून निघते. पडलेल्या प्रकाशशक्तीपैकीं शेंकडा ७ ते ८ भागांची वीज मिळाली.

त्या घटांतील रंग रुथेनियम या दुर्मिळ धातूपासून केलेला होता. साहजिकच संशोधकांची दृष्टि वनस्पतींकडे वळली. १९९७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं ग्रेट्झेल यांच्यासह ब्लॅकबेरीच्या रसाचा घट करून पाहिला. वीज निघाली ती शेंकडा सुमारें अर्धा भाग. २०१७ सालीं रुरकीच्या आय. आय. टी.मध्यें जांभळाचा रंग वापरण्यांत आला; तेथेंही आंकडा एकाच्या आंतच राहिला.

येथें आमचा रंगारी आठवतो. कापड रंगविण्यापूर्वीं तो तें हिरड्याच्या काढ्यांत व तुरटीच्या पाण्यांत भिजवीत असे. तुरटीवांचून आलाचा वा मंजिष्ठाचा रंग कच्चा राहतो, हें त्याला ठाऊक होतें. कां राहतो, हें रसायनशास्त्रानें मागाहून सांगितलें. तुरटींत ॲल्युमिनियम असतें, आणि रंगाच्या रेणूवरील शेजारशेजारचे ऑक्सिजन त्या धातूस चिमट्यासारखे धरतात. फळांतील अँथोसायनिन टायटॅनियमच्या कणास धरतो तोही अशाच चिमट्यानें. ज्या रंगास चिमट्याचीं हीं दोन टोकें नसतात, तो दिसण्यांत कितीही गडद असला तरी भुकटीवर नीट बसत नाहीं. रंग धरला तरच कामाचा, हा नियम लुगड्यास व सौरघटास सारखाच लागू आहे.

परंतु धरणें ही अर्धीच कसोटी, दुसरी टिकण्याची. उन्हानें वस्त्र विटतें हें प्रत्येक गृहिणीस माहीत आहे. उन्हांतील अतिनील किरण रंगाचा रेणु मोडतात, आणि तीच टायटॅनियमची भुकटी त्या मोडतोडीस हातभार लावते. ज्या उन्हासाठीं घट मांडावयाचा, तेंच ऊन त्याचा वैरी! झाडाचें पान दिवसभर उन्हांत राबतें खरें. पण पान जिवंत असतें, झिजलेलें हरितद्रव्य तें नव्यानें घडवितें. कांचेवरच्या रसाची झीज कोण भरून काढणार? म्हणूनच आज गच्च्यांवर सिलिकॉनचे तावदानी घट बसले आहेत. ते शेंकडा २० भागांहूनही अधिक वीज देतात आणि वर्षानुवर्षें टिकतात. हे आंकडे दृष्टीआड करून ‘आमच्या कोकमापासून वीज’ अशी बढाई मारणें हा स्वदेशाभिमान नव्हे, आळस आहे. उलट, आंकडा लहान म्हणून विषयच टाकून देणें हाही आळसच.

या दोन्ही दोषांवर डॉ. के. वेंकटरामन यांचें उदाहरण उतारा ठरावें. मुंबई विद्यापीठानें १९३३ सालीं रासायनिक तंत्रविद्येचा विभाग काढला. १९३८ सालीं ते त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. १९५२ पासून निघूं लागलेले कृत्रिम रंगांवरील त्यांचे ग्रंथखंड जगभर प्रमाण मानले गेले. तेच वेंकटरामन पुढें पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत फणसाच्या लाकडांतील पिवळ्या द्रव्यांचा व लाखेच्या रंगाचा अभ्यास करीत होते. कारखान्याचा रंग असो वा झाडाचा, दोहोंस त्यांनीं विचारलेला प्रश्न एकच: याच्या रेणूची घडण कशी आहे?

आमच्या रंगाऱ्यासही आपल्या परीनें हाच प्रश्न पडला होता. त्याचें उत्तर बोटांत राहिलें, कागदावर आलें नाहीं. कारण ज्यांस लिहितां येत होतें त्यांनीं त्याला कधीं विचारलें नाहीं. ती चूक आतां पुरती दुरुस्त होणार नाहीं. तथापि कोणत्या सालीनें कोणता रंग पक्का होतो, कोणत्या पाण्यांत तो फुटतो, हें जाणणारीं जीं थोडीं घरें उरलीं असतील, त्यांजकडे वही घेऊन जाणें आजही शक्य आहे. त्यांतून घराघरांत वीज येईल असें मी म्हणत नाहीं. रंग धरतो कसा व टिकतो किती, या प्रश्नाचा इतिहास पर्किनपासून नव्हे, तुरटीच्या घंगाळापासून लिहावा लागेल, एवढेंच माझें म्हणणें आहे.