श्वासयंत्र आणि भाकीत

अंबाजोगाईचे नाव घेतले म्हणजे मराठी माणसास प्रथम आद्यकवी मुकुंदराज व दासोपंत यांचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु बीड जिल्ह्यातील याच गावी १९७४ साली ग्रामीण जनतेसाठी म्हणून एक वैद्यकीय महाविद्यालय निघाले व ते स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने ओळखले जाते, ही गोष्टही इतिहासात नोंदण्याजोगी आहे. फवारणीचे औषध पोटात गेलेला शेतमजूर, झोपेत मण्यार चावलेले मूल, असे रोगी मराठवाड्याच्या खेड्यांतून मोठ्या रुग्णालयांत आणले जातात. विषाने त्यांचे श्वासाचे स्नायू लुळे पडलेले असतात. घशातून श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास चालू ठेवला, तर त्यांतील पुष्कळ जण वाचू शकतात. पण ज्या वाटेने प्राणवायू आत जातो, त्याच वाटेने जंतूही शिरतात. विषातून सुटलेला माणूस आठवड्याने न्यूमोनियाने दगावावा, यासारखे दुर्दैव कोणते? हे संकट कोणावर ओढवणार, हे अगोदर ओळखता येईल काय, या प्रश्नाचा इतिहास आज पाहावयाचा आहे.

त्याचा आरंभ दूर डेन्मार्कमध्ये झाला. १९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. लोखंडी पेटीत रोग्यास निजवून श्वास देण्याची रीत तेव्हा रूढ होती. परंतु गिळण्याची शक्ती गेलेल्या रोग्यांची लाळ फुफ्फुसांत उतरे आणि पेटीचा उपयोग होत नसे. गंभीर अशा पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ मरण पावले. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने २७ ऑगस्ट रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत छेद घेऊन नळी बसविली व रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. पुढे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रोग्यांच्या उशाशी बसून पिशव्या दाबीत राहिले. आजचा अतिदक्षता विभाग या कष्टांतून जन्मास आला.

परंतु दीर्घकाळ नळी ठेवण्याचा दंडही लवकरच कळून आला. नळीमुळे खोकला बंद पडतो. थोड्याच दिवसांत तोंडातील नेहमीच्या जंतूंची जागा रुग्णालयातील दांडगे जंतू घेतात. आणि नळीभोवतीच्या फुग्याच्या कडेने लाळ थेंबाथेंबाने खाली झिरपते. यंत्र लावल्यावर ४८ तासांहून अधिक काळाने उद्भवणाऱ्या न्यूमोनियाचे मूळ बहुधा येथेच असते.

भाकिताच्या कामी आपल्या मुंबईनेही मोलाची भर घातली आहे. धनुर्वाताने त्या काळी शेकडो माणसे मरत. डॉ. पटेल व डॉ. जोग यांनी १९५९ साली धनुर्वाताची प्रतवारी प्रसिद्ध केली. तिला ना महागडे यंत्र लागे, ना प्रयोगशाळा. दातखीळ, आचके, जखमेनंतर सात दिवसांत दिसलेले पहिले लक्षण, पहिल्या लक्षणानंतर ४८ तासांत सुरू झालेले आचके, आणि दाखल होताना वा २४ तासांत आलेला ताप: ही पाच लक्षणे मोजावयाची. जितकी लक्षणे अधिक, तितका धोका अधिक. कोणाच्या खाटेपाशी परिचारिकेने अधिक जागावे, हे ठरविण्यास असा हिशेब उपयोगी पडे.

न्यूमोनियासाठी असाच एक हिशेब जिनीव्हाच्या पुजँ प्रभृतींनी १९९१ साली मांडला. ताप, पांढऱ्या पेशी, श्वासनलिकेतील स्राव, प्राणवायूचे प्रमाण, क्ष-किरण चित्र व जंतुपरीक्षा या सहा बाबींना शून्य ते दोन गुण द्यावयाचे. बारांपैकी बेरीज सहाच्या वर गेली की न्यूमोनियाची शंका घ्यावयाची. पण यात एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. हा हिशेब रोग जडला आहे काय, हे सांगतो. जडेल काय, हे नव्हे. तो पुष्कळदा चुकतो, असेही पुढील अनुभवांती दिसून आले. दुसऱ्या प्रश्नाकडे १९९८ साली कॅनडातील संशोधकांनी लक्ष दिले. यंत्रावरील पाचव्या दिवसाच्या सुमारास हा धोका दररोज सुमारे ३ टक्के, दहाव्याच्या सुमारास २ टक्के व पंधराव्याच्या सुमारास १ टक्का, असे त्यांना आढळले. म्हणजे पहिला आठवडा डोळ्यांत तेल घालून जपावयाचा.

आता संगणक हजारो रोग्यांच्या नोंदी चाळून भाकीत करू लागला आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र यांतील अनेक भाकिते बॉस्टनमधील एका रुग्णालयाच्या नोंदींवर उभी आहेत. तेथील वृद्ध हृदयरोगी आणि आपला कीटकनाशकाने बेशुद्ध झालेला तरुण, यांची प्रकृती एक नव्हे; दोन्हीकडचे जंतू व त्यांवर चालणारी औषधेही सारखी नसतात. परक्या मापाने घेतलेला अंगरखा आपल्या अंगावर घालून पाहिल्यावाचून बसतो की नाही, हे कसे कळणार? उगाच मोठा आकडा आला तर नको तेथे तीव्र औषधांचा मारा होईल, आणि लहान आला तर पहारा ढिला पडेल. म्हणून आपल्या रुग्णालयांनी आपल्या नोंदी नीट ठेवून हे आकडे पारखून घेतले पाहिजेत.

आणि आकडा हाती आल्यावर करावयाचे काय? १९९९ साली बार्सिलोनात ८६ रोग्यांवर एक साधा प्रयोग झाला. उताणे निजविलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना न्यूमोनियाची शंका आली. उशाकडची बाजू उंच करून निजविलेल्यांत ती ८ टक्क्यांनाच आली. खाट उंच करणे, तोंड स्वच्छ ठेवणे, हात धुणे, आणि नळी आज काढता येईल काय असे रोज विचारणे, यांस फारसा खर्च नाही. परंतु त्यांस पुरेशी माणसे मात्र लागतात. एका परिचारिकेकडे फार खाटा असतील, तर उत्तमांतले उत्तम भाकीतही कागदावरच राहील.

आभाळ भरून आलेले पाहून शेतकरी पाऊस किती टक्के पडेल याचा वाद घालीत बसत नाही; तो कडब्याची गंज झाकावयास धावतो. अतिदक्षता विभागातील भाकितानेही असेच कोणाला तरी वेळेवर खाटेकडे धावावयास लावले पाहिजे.