तरंग

तरंग : एका ठिकाणी झालेला विक्षोभ शेजारच्या भागाला, त्याने पुढच्या भागाला, असे करत दूरवर पोहोचणे म्हणजे तरंग. यात ऊर्जा आणि संवेग पुढे जातात. माध्यमाचे कण मात्र जागच्या जागी हेलकावे घेऊन पुन्हा मूळ स्थितीकडे येतात. वाऱ्याची झुळूक आली की जोंधळ्याच्या शेतावरून एक लहर बांधापर्यंत धावत जाते, ताटे मात्र आपापल्या मुळांवरच उभी असतात, तसेच हे आहे. समुद्राची लाट, वाद्याचा नाद, भूकंपाचा हादरा, उजेड, मोबाइलवरचा निरोप यांची उगमस्थाने अगदी वेगळी. पण त्यांचे वागणे बव्हंशी एकाच गणितात बसते. त्या गणितात सर्वांत कामाची राशी कोणती, तर तरंगलांबी. तरंग अडथळ्याला वळसा घालील की त्यावर आपटेल, समुद्राचा तळ त्याला जाणवेल की नाही, तारेवर तो टिकेल की विरून जाईल, हे त्याची लांबी समोरच्या वस्तूच्या मापाशी ताडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

मोजमाप : लागोपाठच्या दोन शृंगांमधले (माथ्यांमधले) अंतर म्हणजे तरंगलांबी. एका बिंदूपाशी दर सेकंदाला जितकी आवर्तने होतात ती वारंवारता. तिचे एकक हर्ट्झ. एका आवर्तनाला लागणारा वेळ हा आवर्तकाल आणि मूळ स्थितीपासूनचे कमाल विस्थापन हा आयाम. वेग = वारंवारता × तरंगलांबी हे सूत्र शाळेतच पाठ होते. त्यातला कार्यकारणभाव मात्र पुष्कळदा निसटतो. वारंवारता उगमाकडून ठरते, वेग माध्यमाकडून ठरतो आणि लांबी ही या दोघांची फलश्रुती असते. हवेतला ध्वनी पाण्यात शिरला तर त्याची वारंवारता तीच राहते. वेग मात्र सेकंदाला ३४३ मीटरवरून (२०° से. तापमानाला) सुमारे १,४८० मीटरवर जातो, म्हणून लांबी चौपटीहून अधिक होते. तरंगातली ऊर्जा आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. लाटेची उंची दुप्पट झाली की तिचा मार चौपट.

माध्यम जितके ताठर तितका वेग जास्त, जितके जड तितका कमी. न्यूटनने १६८७ मध्ये याच विचाराने हवेतल्या ध्वनीचा वेग काढला, तो प्रत्यक्षापेक्षा सुमारे १५ टक्के कमी आला. ध्वनीमुळे होणारी संपीडने इतकी झटपट असतात की तिथली उष्णता आजूबाजूला पसरायला सवडच मिळत नाही आणि त्यामुळे हवा अधिक ताठरपणे वागते, हे पुढे लाप्लासने दाखवले आणि हिशेब जुळला.

प्रकार : कणांचे कंपन प्रसाराच्या दिशेतच होत असेल तर तो अनुतरंग, त्या दिशेशी काटकोनात होत असेल तर अवतरंग. हवेतला ध्वनी अनुतरंग आहे. ताणलेल्या तारेवरचा तरंग आणि प्रकाश हे अवतरंग. ध्रुवण फक्त अवतरंगांचेच होते. भूकंपात दोन्ही जाती एकदम सुटतात. अनुतरंग आधी पोहोचतात, घरे डोलवणारे अवतरंग मागून येतात आणि या दोहोंमधल्या वेळेच्या फरकावरून भूकंपाचे केंद्र किती दूर आहे ते कळते. जवळच्या भूकंपासाठी दर सेकंदाच्या फरकामागे ढोबळमानाने ८ किमी धरतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींत या जाती वेगळ्या ओळखल्या आणि १९०६ मध्ये अशाच नोंदींवरून पृथ्वीला गाभा असल्याचे दाखवले. अवतरंगांना द्रवातून जाता येत नाही. ते गाभ्यापाशी अडतात, यावरून गाभ्याचा बाहेरचा भाग द्रव असल्याचे पुढे ठरले. खोल खणलेल्या विहिरीनेही जे दिसले नसते ते तरंगांनी असे दाखवून दिले.

पाण्यावरचे तरंग : पाठ्यपुस्तकात तरंगाचे चित्र म्हणून समुद्राची लाट काढतात. वास्तविक ती तरंगांमधली सर्वांत गुंतागुंतीची जात आहे. ती शुद्ध अवतरंगही नाही, अनुतरंगही नाही. खोल समुद्रात पाण्याचा कण जवळजवळ वर्तुळात फिरतो : शृंगाखाली पुढे, गर्ताखाली (खळग्याखाली) मागे. खाली जावे तसे हे वर्तुळ झपाट्याने लहान होते आणि अर्ध्या तरंगलांबीइतक्या खोलीवर ते पृष्ठभागावरच्या वर्तुळाच्या जेमतेम चार-पाच टक्के उरते. म्हणून वर वादळ चालू असतानाही पुरेशा खोलीवरची पाणबुडी शांत असते.

खोल पाण्यात लांब लाट आखूड लाटेपेक्षा वेगाने धावते. याला अपस्करण म्हणतात. १० सेकंद आवर्तकालाची लाट सुमारे १५६ मीटर लांब असते आणि तिचा वेग सेकंदाला १५.६ मीटर, म्हणजे ताशी ५६ किमी असतो. वादळात सगळ्या लांबीच्या लाटा एकत्र जन्मतात. पण हजारो किलोमीटरच्या प्रवासात त्या आपोआप निवडल्या जातात. लांब लाटा आधी येतात, आखूड मागाहून. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लाटांचा माग अशाच रीतीने पार अलास्कापर्यंत काढला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि समुद्र मात्र खवळलेला, असे कधी कधी होते. दक्षिण हिंदी महासागरातले वादळ काही दिवसांनी इथे पोहोचलेले असते.

खोली तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. अगदी उथळ पाण्यात तर वेग केवळ खोलीवर ठरतो : वेगाचा वर्ग = गुरुत्व त्वरण × खोली. १० मीटर पाण्यात हा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर येतो. किनाऱ्याकडे तिरपी येणारी लाट हळूहळू वळून किनाऱ्याला समांतर होते, ती यामुळेच. तिचे उथळ पाण्यातले टोक आधी मंदावते आणि खोल पाण्यातले टोक पुढे सरकत राहते. हे अपवर्तन, भिंगातल्या प्रकाशाचे होते तेच. कोकण किनाऱ्यावर समुद्रात घुसलेल्या कातळी भूशिरांकडे लाटा चहूकडून वळतात आणि तिथेच आपटतात. मधल्या आखातात त्यांची ऊर्जा पसरून विरळ होते आणि तिथे वाळू साचून पुळण तयार होते. वेग घटला की मागून येणारी ऊर्जा कमी जागेत कोंबली जाते, लाट उंचावते, आणि तिची उंची खोलीच्या साधारण तीन-चतुर्थांशाहून वाढली की ती फुटते.

या हिशेबात त्सुनामी ‘उथळ पाण्यातली’ लाट ठरते, हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. पण तिची लांबी शेकडो किलोमीटर असते. तिच्यापुढे ४ किमी खोलीचा महासागरही उथळच. त्या खोलीवर तिचा वेग ताशी ७०० किमीच्या वर जातो. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रापाशी उठलेली त्सुनामी दोन-अडीच तासांत श्रीलंका आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळली. त्याच दिवशी योगायोगाने वरून गेलेल्या जेसन-१ उपग्रहाला भर समुद्रात तिची उंची सुमारे ६० सेंमी दिसली होती. अरबी समुद्र यातून सुटलेला आहे असे समजू नये : नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाने उठलेली त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती.

भरती-ओहोटी हीदेखील चंद्र-सूर्याच्या ओढीने चालणारी, हजारो किलोमीटर लांबीची आणि सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या आवर्तकालाची लाटच आहे. पावसाळ्यात ‘आज मुंबईत साडेचार मीटरच्या लाटा’ अशी बातमी हमखास छापून येते, ती या लाटेबद्दल असते. साडेचार मीटर ही भरतीच्या पाण्याची नकाशावरल्या आधारपातळीपासूनची उंची. वाऱ्याच्या लाटा तिच्यावर आणखी उसळतात. मरीन ड्राइव्हवर तमाशा बघायला जाणाऱ्यांनी तरी हा फरक ध्यानात ठेवावा.

अप्रगामी तरंग : दोन्ही टोके बांधलेल्या तारेवर तरंग टोकाला जाऊन परततो आणि येणाऱ्या तरंगात मिसळतो. तारेच्या लांबीत अर्ध्या तरंगलांब्या नेमक्या पूर्ण संख्येने बसत असतील तरच हे कंपन टिकते. तेव्हा काही बिंदू अजिबात हलत नाहीत, ते निस्पंद. त्यांच्या मधोमध सर्वाधिक हलतात, ते प्रस्पंद. म्हणून एकाच तारेतून मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे स्वर एका वेळी निघतात. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार हा यातला पाचपटीचा स्वर. तो लावलेला नसतो, तारेच्या लांबीत पाच वेळा बसलेल्या अर्ध्या लांबीतून निघतो.

तो इतका ठळक ऐकू येतो याचे श्रेय जवारीला. मिरजेत तंबोरा बनवणारे कारागीर घोडीचा माथा कानसीने किंचित गोलसर घासतात आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधतात. कंप पावणारी तार घोडीला क्षणोक्षणी चाटून जाते, तिची मोकळी लांबी सतत थोडी बदलते आणि ऊर्जा वरच्या स्वरांत वाटली जाते. नेहमीच्या नियमानुसार, ज्या स्वराचा निस्पंद छेडण्याच्या जागी येतो तो स्वर उमटायला नको. तंबोऱ्यात तो उमटतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये नोंदवले आणि त्याचे कारण घोडीच्या आकारात असल्याचे सांगितले. त्याआधी १९२० मध्ये त्यांनी मृदंगाच्या शाईचा असाच उलगडा केला होता : साध्या पडद्याचे उपस्वर पूर्ण पटींत नसतात, शाईचे वजन त्यांना पटींत आणते. कारागिरांनी हे गणिताशिवाय साधले होते.

इथे एक गोंधळ टाळावा. तारेवरचा तरंग आणि कानापर्यंत येणारा ध्वनी हे वेगवेगळे तरंग आहेत. दोहोंची वारंवारता एकच, पण माध्यम निराळे, म्हणून वेग आणि लांबीही निराळी. भोपळा आणि तबली यांचे काम तारेचे कंपन हवेच्या हवाली करणे एवढेच.

विवर्तन आणि व्यतिकरण : अडथळा किंवा फट तरंगलांबीच्या तोलाची असेल तर तरंग तिच्याभोवती वळतो. दाराआडचे बोलणे ऐकू येते आणि बोलणारा दिसत नाही, कारण बोलण्याची तरंगलांबी मीटरच्या घरात असते आणि दृश्य प्रकाशाची ४०० ते ७०० नॅनोमीटर. सह्याद्रीच्या खोऱ्यात मोबाइलची रेंज जाते आणि मीडियम वेव्हवरची आकाशवाणी मात्र लागते, त्याचेही हेच कारण : एकीकडे सेंटीमीटरांत मोजायची लांबी, दुसरीकडे शेकडो मीटर.

याचा उत्तम उपयोग नारायणगावजवळ खोडद इथल्या रेडिओ दुर्बिणीत केलेला आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या भरीव नाहीत. बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. जाळीची भोके एक-दोन सेंटीमीटरची आणि टिपायचे तरंग २१ सेंमी ते काही मीटर लांबीचे. त्या तरंगांना जाळी अखंड आरशासारखीच दिसते, तर वारा तिच्यातून निघून जातो. दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांच्या या युक्तीने वजन आणि खर्च दोन्ही वाचले.

दोन तरंग एका जागी आले तर विस्थापनांची नुसती बेरीज होते आणि मग ते काही झालेच नाही असे आपापल्या वाटेने जातात. शृंगावर शृंग आले की जोर वाढतो, शृंगावर गर्त आला की दोन्ही नाहीसे होतात. हे व्यतिकरण. थॉमस यंगने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रकाशात ते दाखवले आणि प्रकाश तरंगरूप असल्याच्या मताला आधार मिळाला. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग त्यातूनच येतात.

डॉप्लर परिणाम : उगम आणि श्रोता जवळ येत असतील तर वारंवारता वाढलेली भासते, दूर जात असतील तर घटलेली. डॉप्लरने हे १८४२ मध्ये मांडले. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये उट्रेख्टजवळ आगगाडीत तुतारीवादक बसवून आणि रुळांकडेला जाणकार कानांची माणसे उभी करून ते पडताळण्यात आले. ताशी ९० किमी वेगाने फलाटावरून न थांबता जाणाऱ्या गाडीच्या शिटीचा सूर आपल्यासमोरून जाताना सुमारे अडीच अर्धस्वरांनी उतरतो. शुद्ध रिषभाच्या थोडे वरून षड्जावर यावे, इतका.

माध्यमाविना तरंग : प्रकाश आणि रेडिओ हे विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांचे तरंग आहेत, त्यांना माध्यम लागत नाही आणि निर्वातात त्यांचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किमी असतो. मॅक्सवेलने हे गणिताने सांगितले, हर्ट्झने १८८७-८८ मध्ये प्रयोगाने दाखवले आणि १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात काही मिलिमीटर लांबीचे तरंग निर्माण केले. गुरुत्वीय तरंगांत तर अवकाशच ताणले-आवळले जाते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या दोन केंद्रांनी ते प्रथम टिपले. त्या संकेताची वारंवारता ३५ हर्ट्झपासून चढत गेली. ३५ हर्ट्झला तरंगलांबी साडेआठ हजार किलोमीटर येते, आणि ४ किमी लांबीच्या भुजांत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्याही सहस्रांशाच्या आसपास होता. गोंगाटातून असे संकेत वेचण्याच्या गणिती पद्धतीच्या घडणीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. अशीच ४ किमी भुजांची भारतीय वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची असून केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली.