फेरफार: पेन्सिलीपासून पडद्यापर्यंत

पाचोरा तालुक्यात कपाशीचं वावर विकत घेणाऱ्याचा जीव खरेदीखत झालं तरी भांड्यात पडत नाही. सातबाऱ्यावर नाव लागलं, की मग पडतो. दस्त ते सातबारा हा प्रवास म्हणजे फेरफार. एक काम किती हातांतून, कोणत्या क्रमाने आणि किती मुदतीत जावं, हे ठरवणाऱ्या व्यवस्थांना आज कंपन्या मोठी नावं देतात. आपल्याकडे ती व्यवस्था तलाठ्याच्या दप्तरात शंभर वर्षांपासून आहे.

त्याआधी कुलकर्ण्याचं दप्तर होतं आणि ते त्याच्याच घरात असे. इंग्रजांनी मोजणी आणली, तेव्हा खानदेशाने तिला सहज मान तुकवली नाही. 1852 मध्ये एरंडोल-सावद्याकडे शेतकरी मोजणीविरुद्ध हजारोंनी जमले. कागदावर काय चढतंय आणि त्यातून किती सारा बसणार, याची ती धास्ती होती.

हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात 1903 मध्ये आला. पुढे अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्याने गावचे हिशेब 1 ते 21 नमुन्यांत बसवले. सातबारा म्हणजे त्यातले नमुना 7 आणि 12. फेरफाराची वही नमुना 6 ची, आणि तिच्यात रकाने चारच: अनुक्रमांक, हक्काचं स्वरूप, गट नंबर, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा. सगळी शहाणीव या चौथ्या रकान्यात आहे. नोंद धरतो तलाठी, प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. धरणाऱ्याच्या हाती मंजुरी नाही. मधे नमुना 9 ची नोटीस, चावडीवर प्रत आणि हरकतीसाठी 15 दिवस. हरकत आलीच तर प्रकरण वादग्रस्त नोंदवहीत जातं. 1966 च्या जमीन महसूल अधिनियमाने कलम 149 आणि 150 मध्ये हाच क्रम कायम ठेवला.

नोंद प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यावर नवीन नाव पेन्सिलीने लिहिलेलं असे. मंजुरी मिळाली की शाई, आणि जुन्या नावाला कंस. पद्धत उत्तम होती, पण तिच्यात एक भोक होतं. नोंद कुणाकडे, किती दिवस पडून आहे, हे ती वही पाहिल्याशिवाय कुणालाच दिसत नसे. म्हणून हेलपाटे.

ई-फेरफार या संगणक प्रणालीने ते भोक बुजवलं. दुय्यम निबंधकाकडे दस्त झाला की माहिती थेट तहसीलकडे जाते, तलाठ्याच्या पडद्यावर नोंद उभी राहते, नोटीस निघते. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलं की सातबारा आपोआप बदलतो. आधी आलेली नोंद आधी, असा क्रमही प्रणालीच राखते. मधलीच एखादी उचलून पुढे सरकवणं अवघड झालं. पेन्सिलीच्या जागी आता सातबाऱ्याच्या तळाशी 'प्रलंबित फेरफार' अशी छापील ओळ असते. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो.

यात 15 दिवस मात्र तसेच राहिले, आणि ते राहिलेच पाहिजेत असं मला ठामपणे वाटतं. भावाने परस्पर विकलेल्या हिश्शाला बहीण हरकत घेते, ती याच दिवसांत. वाचवायचा तो टेबलावर पडून राहण्याचा वेळ. माणसाला बोलता यावं म्हणून ठेवलेला नव्हे.

वारसाचं काम अजून अडतं. मृत्यूचा कुठलाही दस्त होत नाही, त्यामुळे नोंद आपोआप उभी राहत नाही. अर्ज घरच्यांनीच करायचा. तो आता ई-हक्क या पोर्टलवरून करता येतो. कलम 149 तीन महिन्यांत कळवा म्हणतं. पण वडील जाऊन वर्षं लोटली तरी कित्येक सातबाऱ्यांवर त्यांचंच नाव असतं, आणि पीककर्जाच्या वेळी घरचे धावत सुटतात.