लाकडातला वाघोबा

जालन्यातली मस्तगडाची गढी १७२५ सालची. पक्क्या बांधकामाचं साल सांगणं इतिहासकाराला सोपं जातं. पण उघड्यावरच्या लाकडी मूर्तीचं साल कसं काढायचं?

त्यासाठी मराठवाड्यातून पालघर-ठाण्याकडे जाऊ. तिथं वारल्यांच्या पाड्यांजवळ वाघोबा असतो. कुठे दगडाचा, कुठे लाकडी फळीवर कोरलेला. वर सूर्य-चंद्र, अंगाला शेंदूर. वाघबारशीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, त्याची पूजा होते. आम्ही तुला मान देऊ, तू आमची माणसं-गुरं राख, असा हा जुना करार. पट्टेरी वाघ या भागातून नाहीसा झाला, बिबट्या आजही घरांजवळ फिरतो. 'वाघोबा' या नावात दोघंही येतात.

लाकूड मात्र पावसात किती टिकणार? सागाच्या गाभ्यातली द्रव्यं वाळवी आणि बुरशीला बराच काळ दूर ठेवतात. बाहेरच्या फिकट लाकडात ती ताकद नसते. बुरशीला पाणी लागतं आणि हवाही. खोल मातीत हवा कमी, वरचा भाग उन्हात वाळतो. म्हणून खांब कुजतो तो नेमका जमिनीलगत! शाळेच्या कुंपणाचा जुना खांब उपटून पाहा.

तेव्हा आज दिसणाऱ्या फळीच्या वयावरून वाघोबाचं वय काढलं, तर आपण फसू. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पट्ट्यातली दीडशेच्या आसपास वाघोबाची ठाणी नोंदली गेली. काही ठिकाणी आता सिमेंटचे रंगीत वाघ बसले आहेत. तिथं आधी काय होतं, हे पाड्यातल्या म्हाताऱ्यांनाच विचारावं लागेल, आणि तेही लवकर.